लाल गोल भलतीकडेच पडले

पत्राचा गोषवारा: नाशिकला राहणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका ताईंचं पत्र आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मशिनिंग करणाऱ्या एका लहान कारखान्यात त्या क्वालिटीत काम करतात. ग्राहकांशी मेलवर बोलणारे गृहस्थ निवृत्त झाले आणि साहेबांनी ते काम यांच्याकडे सोपवलं. पहिल्याच महिन्यात एका तरुण सहकाऱ्यानं त्यांच्या मेलवर तीन ठिकाणी लाल गोल काढून स्क्रीनशॉट कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पुढे दोन दिवसांनी ग्राहकाचा फोन आला, की मेलमध्ये लिहिलेले चाळीस भाग तुम्ही घासून दुरुस्त केलेत की भंगारात काढलेत? घरी इंग्रजी माध्यमातला सातवीतला मुलगा येताजाता चुका काढतो, यजमान म्हणतात एआयकडून लिहून घेत जा. ताई विचारतात: कॉलेज रोडवरचा सहा महिन्यांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? फी जवळपास महिन्याच्या पगाराएवढी आहे. की साहेबांना सांगून टाकू, हे काम मला जमणार नाही? उत्तर शनिवारपर्यंत द्यायचं आहे. सोबत त्या मेलमधली सहा वाक्यं त्यांनी पाठवली आहेत.

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि मग ती सहा वाक्यं बाजूला काढून पुन्हा वाचली. तुम्ही त्यांचं एकच गाठोडं बांधलं आहे. "मराठी माध्यम, पाचवीत एबीसीडी सुरू झाली, इंग्रजी कच्चं ते कच्चंच राहिलं, आता या वयात काय सुधारणार." हे गाठोडं मला पटत नाही. सहा वाक्यांतल्या चुका तीन वेगवेगळ्या जातींच्या आहेत, आणि एका वाक्यात तर चूकच नाही.

आधी लाल गोलांचा निकाल लावू. पहिला गोल आहे 'युअर रिक्वेस्टेड टु कन्फर्म'मधल्या पहिल्या शब्दावर. तुम्ही वाय-ओ-यू-आर लिहिलंत, म्हणजे 'तुमचं'. हवं होतं 'यू आर', तुम्हाला विनंती आहे या अर्थानं. बरोबर पकडलं त्यानं. दुसरा गोल 'इट्स स्पिंडल इज डॅमेज्ड'वर. त्या 'इट्स'च्या डोक्यावर तुम्ही ॲपॉस्ट्रॉफी, म्हणजे तो वरचा स्वल्पविराम, दिलात. त्यामुळे 'मशीनचा स्पिंडल', म्हणजे तिचा फिरणारा दांडा, म्हणायचं होतं तिथे 'ते स्पिंडल आहे' झालं. हेही बरोबर पकडलं. तिसरा गोल 'द बोअर वॉज ग्राउंड आफ्टर हार्डनिंग'मधल्या 'ग्राउंड'वर, आणि शेजारी त्यानं ऐटीत लिहिलंय 'ग्राइंडेड'. इथे साहेबजादे आपटले. ग्राइंड, ग्राउंड, ग्राउंड अशीच त्या क्रियापदाची तीन रूपं आहेत. मैदानाला ग्राउंड म्हणतात म्हणून त्याला ते विचित्र वाटलं असेल. हार्डनिंगनंतर बोअर ग्राइंड केला, म्हणजे भाग कडक करून झाल्यावर त्याचं भोक घासून मापात आणलं, हे तुम्ही अगदी शुद्ध लिहिलं होतंत.

आणि ज्या वाक्यामुळे ग्राहकाला फोन करावा लागला, 'फॉर्टी पार्ट्स आर स्क्रेप्ड', त्यावर गोल नाहीच! ग्रुपवर हसलेल्यांपैकी कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. हे सांगते ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही, वाटलं तर हरकतही नाही. सांगायचं इतकंच की कुठली चूक मोठी हे ठरवण्याचं काम तुम्ही हसणाऱ्यांकडे देऊन टाकलं आहे, आणि ते त्यांना जमलेलं नाही. ते आपण आपल्या हातात घेऊ.

'युअर' आणि 'इट्स'ची चूक कानाची आहे. दोन वेगळ्या गोष्टी एकसारख्या ऐकू येतात आणि लिहिताना हात भलतीकडे वळतो. 'देअर'ची तिन्ही रूपं, 'हूज'ची दोन्ही रूपं याच घरातली. मराठी माध्यमाचा इथे काडीचा संबंध नाही; ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे ती माणसंसुद्धा ही चूक सर्रास करतात, कारण ती भाषा त्यांना लिहायच्या कितीतरी आधी कानानं येते. आपण नाही का 'की'ची वेलांटी पहिली काढत, 'आणि'ची दुसरी काढत? दुकानाच्या पाटीवर, लग्नाच्या पत्रिकेत, शिकल्यासवरल्या माणसांच्या मेसेजमध्ये रोज बघतो. त्यावरून कुणी म्हणत नाही, की याला मराठी येत नाही.

यात गंमत अशी, की 'इट्स'चा हा नियम फार जुनाही नाही. मालकी दाखवणाऱ्या 'इट्स'ला पूर्वी खुद्द इंग्रज ॲपॉस्ट्रॉफी देत, आणि 'इट इज'चं आखूड रूप 'टिज' असं लिहीत. अमेरिकेची १७८७ सालची राज्यघटना बघा. तिच्या पहिल्या कलमाच्या दहाव्या विभागात, राज्यांच्या तपासणी कायद्यांचा उल्लेख करताना, मूळ हस्तलिखितात 'इट्स' ॲपॉस्ट्रॉफी देऊनच लिहिलंय. तेही 'इन्स्पेक्शन'च्या आधी! तुमच्याच खात्याचा शब्द. त्या काळी दोन्ही चालत असे, आज चालत नाही, म्हणून दुरुस्ती करायचीच. पण जिव्हारी लागावं असं त्यात काही नाही.

आता तुमच्या क्लासच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. ही चूक बोलताना ऐकूच येत नाही. तुम्ही तोंडानं 'इट्स स्पिंडल इज डॅमेज्ड' म्हणालात तर ॲपॉस्ट्रॉफी होती की नव्हती हे कोणालाही कळणार नाही. मग बोलायला शिकवणारा क्लास तिला हात कसा लावणार? पगाराएवढी फी भरून तुम्ही अस्खलित बोलायला लागाल, आणि मेलमधला तो वरचा स्वल्पविराम जिथल्या तिथे राहील.

यावर फुकटचा उपाय आहे, आणि तो आपल्या मराठीतूनच सुचतो. आपण बोलताना 'मी आलेय', 'काम झालंय', 'तो येतोय' म्हणतो. म्हणजे 'आले आहे', 'झालं आहे', 'येतो आहे'. पण तहसील कचेरीत अर्ज देताना 'मी अर्ज करतेय' असं कोणी लिहितं का? तिथे आपोआप 'मी अर्ज करीत आहे' येतं. इंग्रजीतली ॲपॉस्ट्रॉफीवाली रूपं हीच आहेत, बोलण्यातली आखडलेली. ग्राहकाला जाणारा मेल हा अर्जाच्या जातीचा. तिथे ती वापरायचीच नाहीत. 'यू आर', 'इट इज', 'दे आर', 'डू नॉट', 'विल नॉट' असं सुटं करून लिहायचं. 'कॅनॉट' तेवढा एकत्र. एकदा हे ठरवलंत की गोंधळ जवळजवळ संपतो, कारण आता 'इट्स' लिहिताना त्यावर ॲपॉस्ट्रॉफी येण्याचं कारणच उरत नाही. आली तर ती चूकच, विचार न करता खोडा. मेल थोडा ताठ वाटेल. वाटू दे, रिजेक्शनच्या मेलमध्ये कुणाला लाडिकपणा हवा असतो?

जुने मेल तपासताना, किंवा दुसऱ्याचं वाचताना शंका आली, तर तो शब्द उकलून बघा. 'यू आर' असं सुटं म्हटल्यावर वाक्य उभं राहतं का? 'यू आर ड्रॉइंग' म्हटलं तर ग्राहकच ड्रॉइंग होऊन बसतो, म्हणजे तिथे ॲपॉस्ट्रॉफी नको. मालकीचं 'इट्स' तिच्याशिवाय का, असं कोणी विचारलं तर सांगा, 'हिज'मध्ये असते का? 'अवर्स'मध्ये, 'देअर्स'मध्ये? सर्वनामांची ती सगळी भावंडं तिच्याविनाच राहतात. नामांना मात्र ती लागते. 'कस्टमर्स ड्रॉइंग'मध्ये एका ग्राहकाचं ड्रॉइंग असेल तर ती एसच्या आधी. आणि नुसतं अनेकवचन असेल तर कुठेच नाही. 'ड्रॉइंग्ज', 'पार्ट्स', 'इनव्हॉइसेस' यांत ती घालायची सवय आपल्याकडे पाट्या रंगवणाऱ्यांपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना आहे.

दुसऱ्या जातीच्या चुकांवर गोल नव्हते, पण माझ्या मते त्या गोलवाल्या चुकांपेक्षा जास्त लक्ष देण्यासारख्या आहेत. 'वुई डिड नॉट रिसीव्ह्ड युवर ड्रॉइंग' आणि 'वुई हॅव सेंड द रिपोर्ट यस्टर्डे' ही ती दोन वाक्यं. या चुका मात्र आपल्या मराठीतून येतात, हे खरं. 'ड्रॉइंग मिळालं नाही' म्हणताना आपण भूतकाळ 'मिळालं'वर ठेवतो आणि 'नाही' शेजारी आणून उभं करतो. इंग्रजीत भूतकाळाचं ओझं 'डिड' एकट्यानं उचलतो, पुढचं क्रियापद रिकाम्या हातानं चालतं. म्हणून 'डिड नॉट रिसीव्ह'. प्रश्नातही तसंच, 'डिड यू रिसीव्ह'. 'विल', 'कॅन', 'शुड', 'मस्ट' यांच्यापुढेही क्रियापद मूळ रूपातच येतं. आपल्या ऑफिसांमधून 'डिड नॉट रिसीव्ह्ड', 'डिड नॉट सेंट', 'डिड नॉट वेंट' इतकं लिहिलं जातं की डोळ्याला ते आता बरोबर वाटायला लागलंय. ही एक गाठ सोडवलीत तरी तुमचा मेल दहा जणांत उठून दिसेल.

'हॅव सेंड'मध्ये दोन भानगडी आहेत. 'हॅव'पुढे तिसरं रूप लागतं, म्हणून 'सेंट', शेवटी टी. बोलताना 'सेंड द' आणि 'सेंट द' यांत फारसा फरक ऐकू येत नाही, म्हणून हातून डी जातो. 'स्पेंड', 'लेंड', 'बिल्ड', 'बेंड' यांचंही तसंच, भूतकाळात सगळे टीवर संपतात. आणि दुसरी भानगड 'यस्टर्डे'ची. 'काल रिपोर्ट पाठवला आहे' हे मराठीत बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत 'हॅव सेंट' म्हटलं की कधी पाठवला ते सांगायचं नाही, आणि 'यस्टर्डे', 'लास्ट मंडे', 'ऑन १२ मार्च' असं काही आलं की 'हॅव' गाळायचा. 'वुई सेंट द रिपोर्ट यस्टर्डे', झालं. याच्या उलटही होतं. 'मी इथे २०१५ पासून काम करतेय' हे आपण वर्तमानकाळात म्हणतो, म्हणून हातून 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१५' जातं. तिथे मात्र 'हॅव बीन वर्किंग' लागतं. म्हणजे नको तिथे 'हॅव' येतो आणि हवा तिथे येत नाही.

आता ते चाळीस भाग.

'स्क्रॅप' म्हणजे भंगारात काढणं, आणि 'स्क्रेप' म्हणजे खरवडणं. भंगारवाल्याच्या भूतकाळात दोन पी, खरवडणाऱ्याच्या भूतकाळात एकच. तुमच्या हातून एक पी कमी पडला. एरवी वाक्याच्या संदर्भावरून कळलं असतं, पण तुमच्या धंद्यात स्क्रेपिंग हीसुद्धा एक खरी प्रक्रिया आहे; मशीनच्या स्लाइडवेज हातानं खरवडून सपाट करतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. म्हणून ग्राहकाला दोन्ही अर्थ शक्य वाटले. चाळीस भाग रिवर्क होऊन येणार आहेत की त्यांच्या बदली नवे करावे लागणार आहेत, यावर त्याचं पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक अवलंबून. त्यानं फोन केला, ते शहाणपणाचं केलं. न करता तो माल येईल म्हणून थांबला असता तर प्रकरण डेबिट नोटपर्यंत, म्हणजे नुकसानीची रक्कम तुमच्या नावावर टाकण्यापर्यंत, गेलं असतं.

ही तिसरी जात. इथे चुकलेला शब्दही खरा इंग्रजी शब्दच असतो, म्हणून कॉम्प्युटर त्याखाली लाल रेघ ओढत नाही. आणि वाक्य व्याकरणात चोख असतं, म्हणून व्याकरण तपासणारी ॲप्सही ते पुष्कळदा सोडून देतात. तुमच्या कामात अशा जोड्या पुष्कळ आहेत. भोकाला आटे पाडले तर 'टॅप्ड', दोन पी. एक पी लिहिलात तर 'टेप्ड', म्हणजे भोकावर चिकटपट्टी लावली! कानस मारली तर 'फाइल्ड', एक एल. तेल भरलं तर 'फिल्ड', दोन. रंधा मारला तर 'प्लेन्ड', नियोजन केलं तर 'प्लॅन्ड', त्यात दोन एन. आटे गेले तर 'स्ट्रिप्ड', दोन पी, आणि एकाच पीचा 'स्ट्राइप्ड' म्हणजे पट्टेरी. यामागचा नियम एका ओळीचा आहे. मूळ क्रियापदाच्या शेवटी मुकं ई असेल, जसं 'स्क्रेप', 'टेप', 'फाइल', तर त्या ईच्या आधीचं व्यंजन एकदाच. नसेल, आणि एका छोट्या स्वरानंतर एकच व्यंजन असेल, जसं 'स्क्रॅप', 'टॅप', 'स्ट्रिप', तर ते व्यंजन दुप्पट. 'फिल'मध्ये मुळातच दोन एल आहेत, त्याला काही करायला नको. आयएनजी लावतानाही हेच, 'स्क्रॅपिंग'ला दोन पी आणि 'स्क्रेपिंग'ला एक.

पण नियमापेक्षा मला दुसरी युक्ती जास्त भरवशाची वाटते. जिथे माल आणि पैसा गुंतलाय तिथे क्रियापदावर विसंबूच नका. नाम आणि आकडा लिहा. 'स्क्रॅप: ४० नग. रिवर्क: १२ नग. ॲक्सेप्टेड: ३४८ नग.' अशा तीन ओळी मेलच्या सुरुवातीला, एकाखाली एक. मग खाली वाक्यात एक पी पडला की दोन, कोणाचंही काही अडणार नाही. तुम्ही रोजच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये असंच तर लिहिता, तेच मेलमध्ये आणायचं.

'ग्राउंड'वरून सांगते. शाळेत असताना घोकलेला तीन रूपांचा तो लांबलचक तक्ता पुन्हा काढून बसू नका. 'फोरसेक', 'स्मायट' यांचा अंबडमध्ये काय उपयोग? तुमच्या शॉप फ्लोअरवरची क्रियापदं तेवढी एका पानावर लिहा. कट, कट, कट. कास्ट, कास्ट, कास्ट, त्यामुळे फाउंड्रीतून येणाऱ्या मेलमध्ये 'कास्टेड' दिसलं तर ते चूक आहे हे ओळखता येईल. स्प्लिटचंही तसंच. बेंड, बेंट, बेंट. वाइंड, वाउंड, वाउंड, कॉइलच्या कामाला. वेअर, वोअर, वॉर्न, म्हणून टूल 'वॉर्न आउट' होतं, 'वेअर्ड' होत नाही. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. होल्ड, हेल्ड, हेल्ड. रन, रॅन, पण 'हॅव'पुढे पुन्हा रन. कम, केम आणि पुन्हा कम, म्हणून 'वुई हॅव केम टु नो' नाही. एवढ्यानं तुमचे बहुतेक मेल निघतील, नवं काही भेटलं की पानावर भर घाला. वाइनरीत, बँकेत किंवा हॉस्पिटलात काम करणाऱ्या वाचकांचं पान अर्थातच वेगळं होईल. तिथे 'ग्राउंड'ऐवजी 'ड्रॉन', 'पेड', 'फेल्ट' अशी मंडळी येतील. 'पे'चं भूतकाळी रूप पी-ए-आय-डी, 'पेड'चं स्पेलिंग वायनं करायचं नाही, एवढं बँकवाल्यांनी लक्षात ठेवावं.

आणखी दोन जोड्या सांगते, कारण त्या कारखान्यातच जास्त भेटतात. 'नट लूज आहे' आणि 'ऑर्डर लूज करू' हे आपण एकाच उच्चारात म्हणतो. इंग्रजीत सैलाला दोन ओ आणि उच्चारात शेवटी स, गमावण्याला एक ओ आणि उच्चारात शेवटी झ. 'वुई मे लूज द ऑर्डर'मध्ये दुसरा ओ पडला की ऑर्डर सैल होते. दुसरी जोडी 'लाय' आणि 'ले'ची. माल गेटवर पडून आहे, म्हणजे 'लाइंग'. माल कोणीतरी नेऊन ठेवला, म्हणजे 'लेड'. पडून असण्याचा भूतकाळ मात्र 'ले' होतो, आणि इथे इंग्रजांचीही दांडी उडते. इतकं कशाला, सरळ 'द मटेरियल वॉज ॲट द गेट' लिहा आणि मोकळ्या व्हा.

एआयबद्दल यजमान म्हणतात ते निम्मं बरोबर आहे. 'डिड नॉट रिसीव्ह्ड', 'हॅव सेंड', 'युअर रिक्वेस्टेड' हे असली साधनं बहुधा दुरुस्त करून देतील, जरूर वापरा. पण तुमचे चाळीस भाग भंगारात गेले की कानस मारून वाचवले, हे त्याला कुठून कळणार? ते तुमच्या डोळ्यांसमोर झालंय. म्हणून लिहायचं तुम्ही, व्याकरण त्याच्याकडून तपासायचं, आणि परत आलेल्या मजकुरातला प्रत्येक आकडा आणि क्रियापद पुन्हा तुम्ही बघायचं. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंगचा तपशील त्यात टाकायचा नाही. कारखान्याची त्याला परवानगी आहे का, हे साहेबांना आधी विचारून घ्या. फोनवरून मेल लिहीत असाल तर कीबोर्डवरही नजर ठेवा, तो पुष्कळदा आपल्याला न विचारता ॲपॉस्ट्रॉफी चिकटवून देतो.

मुलाचं फार मनावर घेऊ नका. तो 'आई, हे चूक आहे' म्हणाला की शांतपणे 'का?' विचारा. कारण सांगता आलं तर तुमचा फायदा. नाही आलं तर दोघांनी मिळून फोनवरच्या डिक्शनरीत बघा. 'ग्राइंड'ची तीन रूपं मात्र त्याला आजच विचारा, मला उत्सुकता आहे.

क्लासचं उरलेलं अर्धं उत्तर असं. ग्राहकांशी फोनवर, व्हिडिओ कॉलवर इंग्रजीत बोलावं लागणार असेल आणि त्याची धास्ती वाटत असेल, तर क्लासचा उपयोग आहे. तोही आधी एक-दोन तास बसून बघितल्याशिवाय पैसे भरू नका. आणि माझे लिहिलेले मेल तपासून द्याल का, हे सरळ विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर गुळमुळीत येईल. लिखाणासाठी मी सांगितलेलं एक पान, आणि महिनाभर स्वतःचे गेलेले मेल शुक्रवारी काढून वाचायचे, इतकं पुरेसं आहे. शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू झालं हा तुमच्या पिढीतल्या राज्यभरातल्या मराठी शाळांचा नियमच होता, पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्या पाचवीवाल्यांनीच आज सातपूर, अंबड, सिन्नरच्या वसाहतींमधले कारखाने चालवलेत.

त्या सहकाऱ्याचं काय करायचं? तक्रार अर्ज वगैरे आत्ताच नको. चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगा, "चूक दिसली तर मला सांगत जा, मी दुरुस्त करीन. पण ग्राहकाचा मेल ग्रुपवर टाकायचा नाही, त्यात पार्ट नंबर होता." हे दुसरं वाक्य महत्त्वाचं, कारण ते तुमच्या मानापमानाबद्दल नाही आणि त्याला ते उडवून लावता येणार नाही. 'ग्राउंड'चं मात्र ग्रुपवरच लिहा. तो लाल गोल बघून उद्या तिघं जण रिपोर्टमध्ये 'ग्राइंडेड' लिहायला लागतील. टोमणा नको, हसणारा चेहरा नको. साधं लिहा: "बोअर वॉज ग्राउंड बरोबर आहे, रिपोर्टमध्ये तसंच लिहावं. त्या मेलमधली खरी चूक स्क्रेप्डची होती, तिथे दोन पी हवेत. ग्राहकाला खुलासा केला आहे." तुमची चूक तुम्हीच मांडलीत की पुढे कुणाला गोल काढायला फारसं काही उरत नाही. त्यानंतरही त्यानं स्क्रीनशॉट टाकला, तर तेव्हा साहेबांकडे जा आणि संकोच करू नका.

काम नको म्हणू नका. साहेबांनी ते तुमच्याकडे दिलं ते तुमच्या इंग्रजीसाठी नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. भाग का नापास झाला, गेजमध्ये कुठे अडकला, पुढच्या लॉटमध्ये काय बदलणार, हे ग्राहकाला सांगणारं माणूस त्यांना हवं होतं. इंग्रजी सफाईनं लिहिणारा मुलगा मिळेल, पण त्याला ते विचारायला रोज तुमच्याच टेबलाशी यावं लागेल. शनिवारी हो म्हणताना दोन गोष्टी मागून घ्या. रिजेक्शन आणि बदली मालाचे मेल पुढचे तीन महिने पाठवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी वाचायचे. तपासणीच्या रिपोर्टवर जशी दुसरी सही असते तशीच ही. आणि स्क्रॅप, रिवर्क, ॲक्सेप्टेड या तीन ओळींचा ठरावीक नमुना, जो यापुढे कोणीही मेल लिहिला तरी सगळ्यांनी वापरायचा. नमुना तुम्हीच करून न्या, साहेबांना नुसतं बघून मान डोलवायची राहू दे.